ऑगस्टमधल्या प्रशिक्षक काकांना अनावृत पत्र

आदरणीय काका,

शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, ऑगस्ट उजाडला. ओहायोतल्या कोलंबसच्या रस्त्यांवर मक्याची कणसं विकायला बसली, घराघरांवर लाल-करडे झेंडे चढले, विद्यापीठाच्या संघाचा सराव सुरू झाला आणि आपली ती लांब वहीही माळ्यावरून खाली आली असेल. बावीस चौकटी आखून झाल्या असतील. कुणाला बसवायचं, कुणाला हलवायचं, कुणाला घरी पाठवायचं हे ठरवण्याचे कष्ट आपण याही वर्षी घेत असाल. एवढ्या कामातून वेळ काढून आपण हे पत्र वाचावं, अशी हात जोडून विनंती आहे.

आधी ऋण मान्य करते. या देशात आले तेव्हा अमेरिकन फुटबॉल मला कळत नव्हता. मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर बाबांच्या शेजारी बसून पाटाकडील आणि दिलबहारच्या सामन्यांत घसा बसवलेली मुलगी. मला चेंडू पायानं खेळायचा ठाऊक. आपण आमच्या जेवणाच्या टेबलावर पाच आमटीच्या वाट्या ओळीनं मांडल्यात आणि म्हणालात, ही आपली लाइन. मधली वाटी सेंटर, तो चेंडू मागे देतो. तिच्यामागे तुपाचं भांडं ठेवलंत, तो क्वार्टरबॅक. पापड म्हणजे दोन्ही टोकांचे रिसीव्हर. ‘या पाच वाट्यांनी तीन सेकंद धीर धरला की तूप सांडत नाही,’ असं आपण सांगितलंत. इतकं सोपं मला पुन्हा कुणी सांगितलं नाही. आजही सामना बघताना माझी नजर आधी त्या पाच वाट्यांवर जाते. हे आपलं देणं आहे आणि ते मी विसरलेले नाही.

डेप्थ चार्ट हा शब्दही आपलाच. प्रत्येक जागेसाठी एकाखाली एक नावं, पहिला पडला तर दुसरा. मी त्याला उतरंड म्हणायला लागले आणि आपल्याला तो शब्द आवडला होता. पुढे उतरंडीतली मडकी आपण स्वतःच्या हातानं खालीवर करू लागलात.

2014 च्या ऑगस्टबद्दल आपले विशेष आभार मानते. क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा सरावात गेला त्या संध्याकाळी आपण आमच्या पडवीत बसून जाहीर केलंत की हंगाम संपला. त्याच्या जागी आलेला जे. टी. बॅरेट आपल्याला नवखा वाटला. सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर व्हर्जिनिया टेकनं 35-21 असं हरवलं, तेव्हा आपण वहीचं पान दुमडून ठेवलंत. पण बॅरेट सावरला आणि संघ जिंकत गेला. नोव्हेंबरच्या शेवटी मिशिगनविरुद्ध त्याचा घोटा मोडला आणि उतरंडीतलं तिसरं मडकं वर आलं, कार्डेल जोन्स.

तो सुरुवातीपासून पहिल्यांदा खेळला तो थेट बिग टेन गटाच्या अंतिम लढतीत. विस्कॉन्सिन 59-0. मग शुगर बोलमध्ये अलाबामा 42-35. मग 12 जानेवारी 2015 ला ओरेगन 42-20, आणि चार संघांच्या प्लेऑफचं पहिलंवहिलं विजेतेपद कोलंबसला आलं. त्या रात्री आपण नाचलात काका, मी पाहिलंय. आपल्या वहीत क्वार्टरबॅकच्या चौकटीत दोनच नावं मावत होती. तिसऱ्यासाठी जागाच नव्हती, हे त्या रात्री आपण स्वतःच मला हसत दाखवलंत. मला वाटलं, आता ही वही मिटेल.

उलट पुढच्या उन्हाळ्यात आपण नवी वही आणलीत, जास्त पानांची. त्या चिकाटीलाही माझा नमस्कार.

2015 चा तो उन्हाळा! एकाच संघात तीन क्वार्टरबॅक, तिघंही जिंकलेले. किराणा दुकानात, पोस्टात, पोरांच्या वाढदिवसाला एकच प्रश्न, जोन्स की बॅरेट? एपी वृत्तसंस्थेच्या हंगामपूर्व क्रमवारीत सगळ्यांच्या सगळ्या मतांनी संघ पहिला आला. 1950 पासून ती क्रमवारी निघते आणि तोवर असं एकदाही झालं नव्हतं. प्रशिक्षक अर्बन मायर यांनी नाव शेवटपर्यंत गुलदस्त्यात ठेवलं. पहिल्या सामन्यात जोन्स उतरला, हंगाम निम्मा गेल्यावर जागा बॅरेटकडे गेली, नोव्हेंबरात मिशिगन स्टेटनं 17-14 असं हरवलं आणि प्लेऑफची दारं बंद झाली. ज्यांच्यावर आपण तीन महिने वाद घातलात ती दोन्ही पोरं तेव्हा विशी-बाविशीची होती. आदल्या वर्षी दोघांनी मिळून एक विजेतेपद आणलं होतं. आपण त्यांना दोन पक्षांचे उमेदवार केलंत आणि प्रत्येक चुकीच्या पासनंतर अर्धं मैदान दुसऱ्याचं नाव ओरडू लागलं. त्या ओरडण्यात आपला आवाज मला शेजारच्या खुर्चीवरून ऐकू येत होता. एक लाखावर माणसं असतात काका त्या घोड्याच्या नालेसारख्या मैदानात, पण खाली उभ्या पोराला आपलं नाव आणि दुसऱ्याचं नाव यांतला फरक नक्की कळतो.

जो बरोबद्दल मी काय लिहू? ओहायोचाच, अथेन्सजवळचा मुलगा. 2018 च्या वसंतात आपण त्याच्या नावापुढे ‘राखीव’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. तो मे महिन्यात लुइझियानाला, एलएसयूला निघून गेला. 2019 मध्ये त्यानं 60 टचडाऊन पास फेकले, हाइझमन करंडक घेतला आणि एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला. प्रशिक्षकांनी तेव्हा ड्वेन हॅस्किन्सला निवडलं, तोही उत्तमच खेळला. त्यांच्या निर्णयात खोट काढायचा मला अधिकार नाही. त्यांनी दोघांचे शेकडो सराव पाहिले होते. आपण एप्रिलमधला एक प्रदर्शनीय सामना पाहिला होता आणि तोही पावसामुळे अर्धाच.

आता मूळ गोष्टीकडे येते. हात थरथरतोय, अक्षर सांभाळून घ्यावं.

30 ऑगस्ट 2025. शनिवार. आपल्या मंडळाचा गणपती आणि दुपारी बाराला टेक्सासशी सामना, दोन्ही एकाच दिवशी आले. टेक्सास इतिहासात प्रथमच हंगामपूर्व क्रमवारीत पहिलं होतं. सभागृहात आरतीची तयारी, बाजूच्या खोलीत टीव्ही. ज्युलियन सेयिन कॉलेजातला पहिलाच सामना पहिल्यापासून खेळत होता आणि आपण मोदकाचं ताट हातात धरून सांगत होतात की हा नको, दुसरा उतरवा. सेयिननं कार्नेल टेटला चाळीस यार्डांचा टचडाऊन पास दिला. आपण जिंकलो, 14-7. खोलीत आनंदीआनंद झाला.

त्याच आनंदात आपण माझ्या मुलाच्या पाठीवर थाप मारलीत. तेव्हा तो आठवीत होता. शाळेच्या संघात क्वार्टरबॅक व्हायचंय, असं त्यानं लाजत आपल्याला सांगितलं. घरात तो आजोबांनंतर फक्त आपल्यालाच असल्या गोष्टी सांगायचा. आपण वीस माणसांसमोर म्हणालात, ‘अरे, क्वार्टरबॅक वगैरे आपल्या पोरांचं काम नाही. उंची नाही, खांदा नाही. तू किकर हो. किक मार, शिष्यवृत्ती मिळव, सुटलास!’

सगळे हसले. मीही क्षणभर हसले, हे लिहिताना मला शरम वाटते. आतल्या खोलीत घंटा वाजली, आरती सुरू झाली. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. नंतर तीन आठवडे त्यानं चेंडू गॅरेजच्या फळीवरून खाली काढला नाही.

किकरचं काम हलकं आहे, असं मी मुळीच म्हणत नाही. थंडीत दीड तास उभं राहून एका लाथेवर सामना पेलणं काय असतं, ते मी पाहिलंय. माझं दुखणं वेगळं आहे. आपण माझ्या मुलाला एकदाही चेंडू फेकताना पाहिलं नव्हतं. त्याची जागा आपण त्याच्या आडनावावरून ठरवलीत.

त्या तीन आठवड्यांमुळेच मी वाचायला बसले, याबद्दलही आपली ऋणी आहे. ‘हलवा त्याला’ हे दोन शब्द किती जुने आहेत, ते मला तेव्हा कळलं.

मार्लिन ब्रिस्को हा ओमाहाच्या विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. 1968 मध्ये डेन्व्हरनं त्याला निवडलं ते बचावफळीत खेळवायला, कारण काळ्या खेळाडूंनी क्वार्टरबॅक खेळायचं नाही असा अलिखित कायदा होता. त्यानं क्वार्टरबॅक म्हणून एक चाचणी द्यायची अट घातली. त्या हंगामात संधी मिळताच त्यानं 14 टचडाऊन पास फेकले. पुढच्या वर्षी त्याला ती जागा मिळाली नाही. तो बफेलोला जाऊन रिसीव्हर झाला आणि तिथंही नाव काढलं. पण ज्या जागेवर तो जन्मभर शोभला असता ती त्याच्याकडून काढून घेतली गेली.

वॉरन मून वॉशिंग्टन विद्यापीठाचा रोझ बोल जिंकलेला क्वार्टरबॅक. 1978 मध्ये एकाही व्यावसायिक संघानं त्याची निवड केली नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनकडून लागोपाठ पाच ग्रे कप जिंकला, मग परतला आणि आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. आपल्याच कोलंबसमध्ये 1973 मध्ये वुडी हेज यांनी कॉर्नेलियस ग्रीनला उतरवलं, तोवर या विद्यापीठाच्या संघात एकही काळा क्वार्टरबॅक सुरुवातीपासून खेळला नव्हता. ग्रीनचं नाव मला आपणच सांगितलं होतं काका, त्याच वाट्यांच्या टेबलावर, मोठ्या अभिमानानं.

आणि हे सगळं जुनं झालं असंही म्हणता येत नाही. लमार जॅक्सननं लुइव्हिलकडून 2016 चा हाइझमन जिंकला, वय 19. 2018 मध्ये एका नामवंत माजी व्यवस्थापकानं टीव्हीवर सांगितलं की त्यानं रिसीव्हर व्हावं. जॅक्सननं ऐकलं नाही. दुसऱ्याच हंगामात तो व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तोही एकमतानं. त्या व्यवस्थापकांनी पुढे आपली चूक कबूल केली, म्हणून त्यांच्याबद्दल मला आदरच आहे.

आपण म्हणाल, मग जागा कधी बदलूच नये का? बदलावी. जरूर बदलावी. ब्रॅक्स्टन मिलरच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तो स्वतःहून रिसीव्हरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. 2015 च्या पहिल्याच सामन्यात त्यानं व्हर्जिनिया टेकविरुद्ध गिरकी घेऊन 53 यार्डांची धाव काढली, तेव्हा आपण आणि मी दोघंही खुर्चीवर उभे होतो. आपल्या शेजारच्या केंटचा ज्युलियन एडेलमन कॉलेजात क्वार्टरबॅक होता, पुढे रिसीव्हर म्हणून सुपर बोलचा मानकरी झाला.

माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट मात्र 2024 ची. ऑक्टोबरात ओरेगनला जॉश सिमन्सचा गुडघा गेला. लाइनच्या डाव्या टोकाची वाटी फुटली, क्वार्टरबॅकची पाठ उघडी पडली. मग डोनोव्हन जॅक्सनला गार्डच्या जागेवरून उचलून त्या टोकाला ठेवलं. ते काय असतं, आपल्याला सांगायला नको. गार्डच्या दोन्ही बाजूंना सोबती असतात. टोकाच्या टॅकलला एका बाजूला मोकळं मैदान असतं आणि तिथून समोरच्या संघाचा सगळ्यात वेगवान माणूस अंगावर येतो. पाय मागे टाकायची पद्धत वेगळी, हात कधी पुढे करायचा ते वेगळं. पेन स्टेटला पहिल्याच परीक्षेत त्याच्यासमोर अब्दुल कार्टर होता. जॅक्सन चुकला, मार खाल्ला, टिकला. संघ 20-13 जिंकला. पुढे सेंटर सेथ मॅकलॉफ्लिनही जायबंदी झाला, तेव्हा कार्सन हिंझमन गार्डवरून सेंटरला सरकला, ज्या जागेवर आदल्या वर्षी त्यानं चाहत्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मिशिगनविरुद्ध 13-10 असा जिव्हारी लागणारा पराभव झाला, तरी हीच जोडजाड केलेली लाइन 20 जानेवारी 2025 ला नोत्र दामला 34-23 असं हरवून आली.

त्या पोरांची जागा बदलली ती गरजेपोटी. त्यांना रोज सकाळी पाहणाऱ्या माणसांनी, त्यांच्याशी बोलून बदलली. वाट्या हलवणाऱ्यानं वाटीला विचारलं होतं.

आपण म्हणता, आता त्यांना पैसे मिळतात, मग ऐकून घ्यायला काय होतं? खरं आहे, 2021 च्या जुलैपासून त्यांना स्वतःच्या नावावर कमावता येतं, आणि 2025 पासून विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली आहेत. ते त्यांच्या घामाचे आहेत, मला त्याचा आनंदच वाटतो. पण कुठल्या करारात असं लिहिलंय की एकोणीस वर्षांच्या मुलानं आपल्याबद्दलची सगळी घाण वाचावी? ओहायोत 1 जानेवारी 2023 पासून सट्टा कायदेशीर झाला, आणि त्याच महिन्यात डेटनच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांना पैज हरलेल्या लोकांनी आपल्या पोरांना काय काय लिहिलं ते जाहीरपणे बोलावं लागलं. वर्षभरानं या राज्यानं कॉलेजच्या एकेका खेळाडूच्या कामगिरीवर पैज लावायला बंदी घातली. आपण पैज लावत नाही, मला ठाऊक आहे. आपण फक्त त्या मुलांच्या नावानं लिहिता.

हॅरी मिलरचं नाव मी इथं आदरानं घेते. आपल्याच संघाचा लाइनमन, शाळेत पहिला आलेला, यांत्रिकी अभियांत्रिकी शिकणारा. मार्च 2022 मध्ये त्यानं जगाला लिहून सांगितलं की त्यानं जीव द्यायचं ठरवलं होतं, ते त्यानं प्रशिक्षक रायन डे यांच्याजवळ बोलून दाखवलं आणि त्यांनी त्याला लगेच मदतीपर्यंत पोचवलं. तो फुटबॉल सोडून गेला, जगला, शिकला. त्याच्या आजाराची कारणं त्याची त्यालाच ठाऊक, ती मी कुणाच्या पदरात टाकत नाही. पण त्याचं ते पत्र वाचल्यापासून मला एकाही मुलाच्या नावापुढे रेघ ओढता आलेली नाही. आपणही ते वाचलं होतंत. आपले डोळे भरून आले होते. म्हणूनच मी आपल्याला लिहिते आहे; दुसऱ्या कुणाला लिहून उपयोग झाला नसता.

तेव्हा पदर पसरून एवढंच मागते. वाद घाला. ऑगस्टची रात्र, पडवी, चहा आणि वाद, यांच्याशिवाय हा महिना मलाही नको. चढाई कशी करावी, चौथ्या प्रयत्नाला धाव घ्यावी की किक, लाइन दोन बाजूंना किती फाकावी, रात्रभर बोलू. पण ‘याला हलवा’, ‘त्याला काढा’, ‘हा आपल्या कामाचा नाही’ ही वाक्यं माझ्या दारात बोलू नका. माझ्या मुलासमोर तर नकोच नको.

त्याचं सांगायचं राहिलं. सप्टेंबरच्या शेवटी त्यानं चेंडू खाली काढला. कुणी समजावलं नाही. शेजारच्या घरातला मुलगा पास झेलायला कुणी नाही म्हणून बोलवायला आला, एवढंच. यंदा तो नववीत आहे. प्रशिक्षकांनी त्याला दोन आठवडे रोज फेकताना पाहिलं आणि मग नाव लिहिलं. क्वार्टरबॅकच्या उतरंडीत तो दुसरा आहे. आणि किकच्या वेळी चेंडू टेकवून बोटानं धरणारा जो मुलगा असतो ना, होल्डर, त्या जागेवर तो पहिला आहे. सेंटरकडून आलेला चेंडू झेलायचा, टेकवायचा, शिवण पुढे फिरवायची, आणि दुसरा लाथ मारेपर्यंत हलायचं नाही. सव्वा सेकंदाचं काम. किकर त्याचा जिवलग दोस्त झालाय. रोज संध्याकाळी दोघं अंगणात सराव करतात आणि माझी तुळस दोनदा आडवी झाली आहे.

पहिला सामना येत्या शनिवारी सकाळी दहाला, शाळेच्या मागच्या मैदानावर. आपण यावं. काकूंनाही आणावं. बसायला लोखंडी बाकं आहेत, उन्हानं तापतात, तेव्हा सतरंजी मी आणते. वही घरी ठेवावी. त्याला सतरा नंबर मिळालाय. दिसला की नावानं एक हाक मारावी, तो वळून बघेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
ज्या टेबलावर आपण वाट्या मांडल्यात त्या घरातली मुलगी